नऊ मण्यांचा फेरा

ऑक्टोबरची एकतीस तारीख होती. मांडवगण फराट्याच्या अलीकडं, उसाच्या फडांच्या मधोमध वीस-बावीस घरांची एक वस्ती आहे. तिथली सरूबाई भालेराव दुपारीच दुकानात गेली आणि मेणबत्त्यांचे दोन पुडे घेऊन आली. एक आजच्या संध्याकाळसाठी, एक परवासाठी. परवा म्हणजे दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी वस्तीतली माणसं कबरस्थानात जातात, कबरीवरचं गवत उपटतात, चुना मारतात, झेंडू वाहतात आणि आपापल्या माणसाच्या डोक्याशी मेणबत्ती लावून उभी राहतात. सरूबाईचं तिथं एकच माणूस निजलेलं होतं, तिचा नवरा गेणबा. त्याला एक मेणबत्ती पुरली असती. पण गेली तीन वर्षं ती अख्खा पुडा आणायची, एक लावायची आणि बाकीच्या तशाच परत आणून फळीवर ठेवायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आजची संध्याकाळ वेगळी. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. महिनाभर मारियामातेची मूर्ती वस्तीत घरोघर फिरते. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. ज्याच्या घरी मूर्ती, त्याच्या घरी दिवेलागणीला सगळी जमतात, माळ म्हणतात, चहा पितात आणि जातात. शेवटचा दिवस भालेरावांच्या घरचा, हे ठरून गेलेलं. गेणबा देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवायचा, म्हणून तो मान त्याचा. तो गेल्यावरही कुणी काढून घेतला नाही.

माळेचे पाच फेरे असतात. एकेका फेऱ्यात दहा मणी, आणि दहा मण्यांवर दहा वेळा ‘नमो मारिया’. पुढची, म्हणजे सुरुवातीची, अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, मागची अर्धी सगळ्यांनी मिळून. प्रत्येक फेरा वेगळ्या माणसाचा. पाचवा मात्र ज्याचं घर त्याचा. वस्तीची रीतच तशी.

आता सरूबाईच्या माळेची गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

माळ निळ्या काचेची, हरेगावच्या यात्रेतून सासूनं आणलेली. सरूबाईची एकुलती लेक मोनिका दोन वर्षांची असताना तिनं पाचव्या फेऱ्यातला एक मणी दातांनी तोडला आणि गिळून टाकला. दोन दिवस सरूबाई काडी घेऊन पोरीचं हगणं उकरत बसली. मणी काही निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, निघून गेला असेल, तुम्हाला दिसला नसेल. सरूबाई रडकुंडीला आली, आणि गेणबा हसला. म्हणाला, “रडतीस काय? देवाच्या माळंचा मणी कुणाच्या पोरीच्या पोटात हाय, सांग बरं? आपल्याच हाय.”

त्यानं दोऱ्याला गाठ मारून माळ जोडली. पाचव्या फेऱ्यात नऊच मणी राहिले. दहावी प्रार्थना गाठीवर म्हणायची.

पोर मोठी झाली, तिचा आवाज बारीक आणि स्वच्छ निघाला. गेणबानं पाचवा फेरा तिला देऊन टाकला. ती भरभर म्हणायची, नऊ झाल्या की थांबायची, पोटावर तळवा ठेवायची आणि आईकडं बघायची. मग दहावी सरूबाई म्हणायची. लोकांना वाटायचं, पोरगी दमली. रात्री अंथरुणात मोनिका आईच्या कानात सांगायची, “आई, दहावा माझ्या पोटात हाय.” आणि मायलेकी तोंडावर गोधडी घेऊन हसायच्या. हे घरातल्या तिघांचं गुपित. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

गेणबा गेला तेव्हा मोनिका बारावीला होती. जाताना तो सरूबाईला म्हणाला, “पोरीचं लगीन देवळात लाव.” त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता, बापाची एक हौस होती. सरूबाईनं मात्र ती दगडावर कोरून ठेवली. दुसऱ्याच्या रानात कांदे खुरपले, ऊस बांधला आणि पोरीला शिकवलं. मोनिका कुरकुंभला एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी शेजारच्या पूनमबरोबर गाडीत बसून जायची, संध्याकाळी यायची. तिच्या कपड्यांना कंपनीचा एक वास यायचा, औषधासारखा, नाकात टोचणारा. निरम्यात भिजवा, उन्हात वाळवा, जायचा नाही. सरूबाईला डोळे मिटूनही कळायचं, पोरगी फाटकाशी आली.

आणि पाच वर्षांपूर्वी एका दुपारी मोनिका दारात उभी राहिली. सोबत संपत नावाचा मुलगा. धनगराचा, इंदापूरकडचा, त्याच कंपनीतला. रजिस्टर करून आले होते. मोनिका म्हणाली, “आई, देवळात बी करू. फादरांना विचारू. तू फक्त व्हय म्हण.”

सरूबाई नाही म्हणाली. एवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण माणसाला राग आला की नेमकं दुखेल ते जिभेवर येतं. तिनं खुंटीवरची माळ काढून हातात घट्ट धरली आणि म्हणाली, “आजपास्नं पाचवा फेरा माझा. तुझा आवाज ह्या घरात पुन्हा नको.”

 मोनिका वळली आणि गेली. दोघं दौंडला खोली घेऊन राहतात, एवढं पूनमकडून कळलं. पुढं पूनमचं लग्न ठरलं, कंपनी सुटली, बातमीही तुटली.

ह्याच्यावर वस्तीत कुणी शब्द काढत नसे. रविवारी देवळात, फादर असोत की नसोत, प्रार्थनेच्या मधे माणसं आपापलं मागणं मोठ्यानं मागतात. कुणी म्हणतं, माझ्या सुनेसाठी. कुणी म्हणतं, नातवाच्या परीक्षेसाठी. सरूबाई दर रविवारी तोंड उघडायची. ओठ म् वर मिटायचे, आणि तसेच राहायचे. शेजारी बसणारी म्हातारी कुशाबाई कोपरानं ढोसायची. “म्हण की गं सरे. देवाला बहिरा समजतीस का?” सरूबाई पदर तोंडावर घ्यायची.

राहिली आणखी एक गोष्ट. ती फक्त सरूबाईला आणि देवाला ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी, असाच एकतीस ऑक्टोबर. घर भरलेलं. पाचवा फेरा सरूबाई म्हणत होती, आणि कोनाड्यातला फोन वाजला. बटणांचा साधा फोन. सगळी दचकली. तो वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजला. सरूबाई तेव्हा नवव्या मण्यावर होती. सगळ्यांच्या तोंडून ‘आता आन् आमच्या मरणाच्या वेळी’ चाललं होतं. तिला वाचता येत नव्हतं, नंबर कुणाचा ते कळत नव्हतं. पण काळजाला कळलं. ह्या दिवशी, ह्या वेळेला, ह्या फेऱ्याला कोण आठवण काढणार? एक हात माळेवर होता, एक फोनवर. हिरवं बटण दाबलं की फोन उचलला जातो, लाल दाबलं की कापला जातो, एवढं तिला येत होतं. माळ मधे तोडायची नसते, असं तिनं मनाला सांगितलं.

आणि लाल दाबलं.

मग दोन दिवस फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी चालू केला आणि तेव्हापासून उशाला घेऊन निजू लागली. तो पुन्हा कधी वाजला नाही. तेव्हापासून ती मेणबत्त्यांचा अख्खा पुडा आणायची. पोरगी जिवंत आहे की नाही, तिचं नाव जित्यांत घ्यायचं की मेलेल्यांत, एवढंच तिला हवं होतं. पण जाणून घ्यायचं धाडस नव्हतं.

तर आजची संध्याकाळ. जमीन सारवली होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर मूर्ती, दोन्ही बाजूंना झेंडू आणि दोन मेणबत्त्या. सरूबाईचा घसा तीन दिवसांपासून बसलेला. बोलायला गेलं की नुसती हवा निघायची.

“आज मारियामाता आली म्हणून सरूच्या घरी चहा,” कुशाबाई भिंतीला टेकत म्हणाली. “न्हाईतर पाण्याला बी महाग. आन् आज तर घरमालकीण मुकी! बरंय, माझं तरी कुणी ऐकंल.”

“कुशामावशी, तुमचं न ऐकता कुणी सुटतंय व्हय?” पूनम म्हणाली. ती माहेरपणाला आलेली, सरूबाईच्या मागंच बसली होती.

“गप्प बसा आता,” पोपटराव मास्तर म्हणाले. फादर महिन्यातून दोनच रविवार येतात. बाकी सगळी प्रार्थना मास्तर चालवायचे, आणि त्यांची मोजणी पक्की. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि पहिला फेरा धरला. दुसरा कुशाबाईनं म्हटला, तिसरा पूनमनं. चौथा पूनमच्या आईनं सुरू केला, आणि वीज गेली.

रोजचंच. कुणी हललं नाही. दोन मेणबत्त्यांचा उजेड मूर्तीच्या तोंडावर होता, माणसांच्या पाठीमागं सगळा अंधार. दार उघडं होतं. बाहेर उसाची पानं एकमेकांवर घासत होती. चौथा फेरा संपला.

पाचवा सरूबाईचा. तिनं तोंड उघडलं. घशातून काही आलं नाही. पुन्हा जोर केला. नुसती घरघर. सगळी वाट बघत राहिली.

आणि दाराकडून कुणीतरी सुरू केलं.

“नमो मारिया…”

बारीक आवाज. स्वच्छ. जरा घाईचा. सगळ्यांनी सवयीनं मागची अर्धी म्हटली. कुणाला काही वाटलं नाही, कुणीतरी फेरा उचलला एवढंच. दुसरी. तिसरी. सरूबाईच्या बोटांत मणी सरकत होते, पण बोटं गार पडत चालली होती. मूर्तीकडं पाठ करू नये म्हणून ती वळली नाही… खरं तर वळायची ताकद नव्हती. चौथी. पाचवी. दारातून वारा आला, मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्या, आणि झेंडूच्या, मेणाच्या, शेणाच्या वासात आणखी एक वास मिसळला. औषधासारखा. नाकात टोचणारा.

फाटकाशी आली… अंगणात आली… उंबऱ्याशी आली…

सातवी. आठवी. घरातली पंचवीस माणसं त्या आवाजाला उत्तर देत होती, ‘आम्हा पाप्यांसाठी, आता आन् आमच्या मरणाच्या वेळी’. नववी झाली.

आवाज थांबला.

संपला नव्हता तो. थांबला होता, कुणाची तरी वाट बघत. सरूबाईला पाठीवर ते बघणं कळत होतं. दहावी तिची होती. तिनं गाठीवर बोट ठेवलं, सगळा जीव गळ्यात आणला… ओठ हलले. आवाज फुटला नाही. एक श्वास गेला, दोन गेले. मग दारातून कुणी निघून गेल्यासारखा वारा पडला, ज्योती सरळ झाल्या आणि वीज आली.

“नऊच झाल्या,” मास्तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “कोण म्हणत होतं? मोजायला नको का?”

“मला वाटलं पूनम,” कुशाबाई म्हणाली.

“मी? मी हितं मावशीच्या मागं. आवाज दारातनं आला की. मला वाटलं कुणाची पाव्हणी हाय.”

दाराशी बसलेल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांच्यात कुणी पाहुणी नव्हती. त्यांना आवाज दाराबाहेरून आल्यासारखा वाटला होता. कुशाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सरूबाईकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं ते गिळलं. चहा कुणी नीट प्यायलं नाही.

सगळी गेल्यावर सरूबाईनं पूनमचा हात धरला. घोगऱ्या घशानं एकेक शब्द काढत म्हणाली, “उद्या… दौंडला चल. खोली ठाव हाय ना तुला?”

पूनमनं नुसती मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनंही तो आवाज ओळखला होता.

सकाळच्या एस.टी.नं दोघी दौंडला उतरल्या. रेल्वेच्या वसाहतीमागं पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. मालगाडी जाताना पत्रे थरथरायचे. सरूबाईच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी होत्या, लसणाची चटणी होती आणि मोनिकाला आवडते म्हणून शेंगदाण्याची पोळी. वाटेत ती एकदाच बोलली. “जिवंत असंल. आवाज किती साफ हुता. मेलेल्या माणसाचा असा असतो का?” पूनम खिडकीबाहेर बघत राहिली.

पूनमनं कडी वाजवली. दार उघडायच्या आधी सरूबाईला तो वास आला. औषधासारखा. तिचं तोंड उजळलं. “हाय! घरात हाय!” ती म्हणाली.

दार उघडलं. संपत होता. कंपनीच्या निळ्या कपड्यांत, रात्रपाळीहून आलेला. त्यानं आधी ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि दाराची चौकट धरून तसाच उभा राहिला.

“मोनिका हाय का?” सरूबाईनं विचारलं.

“तुम्हाला… म्हाईत न्हाई?”

सरूबाईची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. भिंतीवर फोटो होता, त्याला हार होता. अक्षर न येणाऱ्या बाईलाही फोटोवरचा हार वाचता येतो.

ती उंबऱ्यातच बसली. पिशवी मांडीवरून घसरली. पूनमनं तिला मागून धरलं. आत पलंगावर तीन वर्षांची एक पोर बसली होती, हातात बिस्किट, दोघींकडं टुकुटुकू बघत.

संपत खाली बसला, आणि जमिनीकडं बघत बोलू लागला.

“तीन वर्षं झाली काल. ही पोर झाली त्याच दिशी. दुपारपास्नं रक्त थांबंना. आपरेशनच्या थेटरात न्यायच्या आधी मला म्हणली, आज जपमाळ आमच्या घरी असती. आता पाचवा फेरा चालू असंल. फोन लाव आन् माझ्या कानाला धर. मी म्हणलं, अगं त्या बोलायच्या न्हाईत. ती म्हणली, मला कुठं बोलायचंय? आई म्हणली ना, आवाज नको. मी बोलणारच न्हाई. मला नुसतं ऐकायचंय.”

सरूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. डोळ्याची पापणी हलत नव्हती.

“एकदा लावला, उचलला न्हाई. पुन्हा लावला. वाजत हुता. कापला.” तो थांबला. “ती हसली. म्हणली, नऊ झाल्या असतील. मला काय कळलं न्हाई. मग नेली आत.”

मालगाडी गेली. पत्रे थरथरून शांत झाले.

“दुसऱ्या दिशी सांगाय परत लावला, तर बंद. राग आला मला. म्हणलं, मरू द्या. मग राग गेला, आन् लाज वाटाय लागली. एवढ्या दिसांनी काय तोंडानं सांगायचं? म्हणून ऱ्हाऊन गेलं.”

“कुठं…” सरूबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

“नदीवर. आमच्या रीतीनं. दुसरं कोण हुतं सांगायला?”

म्हणजे मातीही नाही. मेणबत्ती लावायला वीतभर जागाही नाही.

संपत उठला. फोटोमागून त्यानं एक काडेपेटी काढली आणि सरूबाईच्या हातात दिली. “तिचं ऱ्हायलेलं काय ते तुम्ही घ्या. सावडाय गेलो तवा राखंत घावलं. तिच्या अंगावर कायबी नव्हतं. दवाखान्यात सगळं काढून घेत्यात, डोरलं, बांगड्या मीच पिशवीत भरल्या. मग ह्यो कुठनं आला? एवढ्या इस्तवात काच ऱ्हाती का? कुणाला इचारलं तर म्हणत्यात, टाकून दे. मला टाकवंना.”

सरूबाईनं काडेपेटी उघडली. आत एक निळा मणी होता. काचेचा. तडा नाही, काजळी नाही. काल यात्रेतून आणल्यासारखा.

तिनं सांगायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. मणी मुठीत घेऊन तिनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि तशीच पडून राहिली. संपतला त्या मण्याचं कोडं कोडंच राहिलं. पोर पलंगावरून उतरली, जवळ आली आणि अर्धं बिस्किट तिच्यापुढं धरलं. “आजी, घे.”

धनश्री तिचं नाव.

दोन नोव्हेंबरला फादर आले. देवळात मेलेल्यांच्या नावांची यादी वाचायची होती. मास्तर यादी घेऊन उभे राहिले तशी सरूबाई जागेवरून उठली. घसा अजून घोगराच होता, पण देऊळभर ऐकू गेलं.

“फादर, एक नाव ऱ्हायलंय.”

“गेणबाचं घेतलंय की, सरूबाई.”

“मोनिका,” ती म्हणाली. पाच वर्षांनी. “मोनिका गेणबा भालेराव. माझी लेक.”

 कुशाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि यादीच्या खाली नाव लिहिलं. 

कबरस्थानात संपत कुंपणाजवळ बाजूला उभा होता, पोर कडेवर. ह्या माणसांत आपलं काय, असं तोंड करून. कुशाबाई तरातरा त्याच्याकडं गेली आणि पोर काढून घेतली. “लांब का उभा ऱ्हायलास? चावतो का आम्ही? सरे, पोरीचं नाक बघ गं. गेणबाचं उचलून लावलंय.”

गेणबाच्या कबरीशेजारी सरूबाईनं स्वतः खुरप्यानं वीतभर खड्डा केला होता. तिनं काडेपेटी फादरांपुढं धरली. “फादर, एवढंच उरलंय तिचं. चालंल का?”

फादर तरुण होते. त्यांनी पुस्तक मिटलं, मण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. “जेवढं उरलं तेवढं शरीर, आई,” ते म्हणाले. पाणी शिंपडलं आणि माणूस पुरताना म्हणतात ती सगळी प्रार्थना म्हटली, एक शब्द न गाळता. सरूबाईनं मूठभर माती टाकली. संपतनं टाकली. खड्डा भरला, वर चुन्यानं क्रूस काढला. मग सरूबाईनं पुडा फोडला आणि एकेक करून सगळ्या मेणबत्त्या त्या वीतभर मातीभोवती लावल्या. तीन वर्षांच्या शिल्लक राहिलेल्यासुद्धा. भर दुपारच्या उन्हात त्यांचा उजेड दिसत नव्हता. नुसती हवा हलत होती.

संपतला पाचच्या गाडीनं परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. “च्या घेऊन जा, जावईबापू,” सरूबाई म्हणाली. तो शब्द दोघांनाही नवा होता. तो चटईवर बसला. सरूबाईनं चहा टाकला. दिवस कलला होता, दारातून पिवळं ऊन आत आलं होतं, आणि घरात जरा बरं वाटत होतं. मोनिकाला तिच्या वाटणीची माती मिळाली होती.

पोर खुंटीकडं बोट दाखवत होती. “ते दे. ते दे की.”

“तोडायची न्हाई बरं,” सरूबाईनं माळ काढून तिच्या हातात दिली आणि चुलीकडं वळली.

माळ पोरीनं कधी बघितली नव्हती. दौंडच्या खोलीत खंडोबाचा फोटो होता आणि तिच्या आईचा. ती चटईवर मांडी घालून बसली, आणि बोटांनी एकेक मणी सरकवू लागली. घाई नाही, खेळ नाही. एक मणी, ओठ हलायचे, पुढचा मणी. पहिला फेरा. दुसरा. संपत बशीतला चहा फुंकत बघत होता. सरूबाई पाठमोरी होती, पण मणी मण्यावर आपटल्याचा बारीक आवाज तिला येत होता, आणि नकळत ती मोजत होती. तिसरा. चौथा. पाचव्या फेऱ्यात पोरीची बोटं सरकत गेली. सात… आठ… नऊ.

आवाज थांबला.

सरूबाई हळूहळू वळली.

पोर तिच्याकडंच बघत होती. तळवा पोटावर ठेवलेला.

“आजी,” ती म्हणाली, “दहावा माझ्या पोटात हाय.”

संपतनं बशी खाली ठेवली. “हे कवा शिकवलंत हिला?”

“म्या न्हाई…”

“मग कुणी? मोजाय सुदिक येत न्हाई तिला. तीनच्या पुढं येत न्हाई.”

 सरूबाई गुडघ्यांवर सरकत पोरीपाशी आली. माळ बघितली. पाचव्या फेऱ्यात नऊ मणी आणि गाठ. जशीच्या तशी. दहावा आत्ताच तिनं आपल्या हातानं मातीत ठेवला होता, फादरांनी त्याच्यावर पाणी शिंपडलं होतं. मग तिला कळलं की घरात तोच, औषधासारखा वास येतोय. संपत आज धुतलेले घरचे कपडे घालून आला होता. वास त्याचा नव्हता.

पोर वाट बघत होती. हसू नाही, रडू नाही. अगदी तसंच बघणं.

सरूबाईनं दोन्ही हातांनी तिला जवळ घेतलं, आणि त्या एवढ्याशा पोटावर कान ठेवला. पोर हलली नाही. बाहेर उसात वारा पडला. संपतला काही ऐकू आलं नाही. तो नंतर शपथ घेऊन सांगायचा, की घरात चिडीचूप होतं, चुलीचा जाळसुद्धा आवाज करत नव्हता. त्यानं फक्त एवढंच बघितलं, की सासूचे डोळे मिटले, आणि ती ऐकत राहिली. कुणी पुढची अर्धी प्रार्थना म्हणावी, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबावं, बरोब्बर तेवढाच वेळ.

मग तिचा बसलेला घसा मोकळा झाला, आणि तिनं मागची अर्धी म्हटली.

“पवित्र मारिये, देवाच्या माते… आम्हा पाप्यांसाठी… आता आन् आमच्या मरणाच्या वेळी…”